निपला सांगून आल्तो

हाय गार्थ, स्वेलडेल
९ मार्च १९५६

प्रिय किट,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. बाबा ठीक आहेत, मी ठीक आहे, निप तर नको इतका ठीक आहे, काल त्या कुत्र्यानं आख्खं बेकन पळवलं. तुझं नाताळचं कार्ड मिळालं. त्यावर फक्त माझं नाव होतं, तरी मी ते चुलीवरच्या फळीवर उभं करून ठेवलं. बाबा रोज त्याच्यामागची तंबाखूची डबी काढतात, परत ठेवतात, आणि कार्ड सरळ करतात. एवढंच. मी त्यावर काही बोलत नाही, तूही काही समजू नकोस.

खरी बातमी वेगळीच आहे. लीड्सच्या युनिव्हर्सिटीतून एक मिस्टर ऑडली येतायत आपल्या डेलच्या खोऱ्यात. चष्मा, सायकल, आणि सायकलला बांधलेलं पावसानं भिजलेलं पुस्तकांचं गाठोडं. म्हाताऱ्या माणसांची जुनी बोली गोळा करतात. मी त्यांची बिनपगारी मदतनीस झालेय, कारण मला सगळ्या म्हाताऱ्यांची घरं आणि त्यांची चावणारी कुत्री माहीत आहेत. किट, मला इतकी मजा कशातच आली नव्हती. सप्टेंबरमध्ये कॉलेजला गेले की मी हेच शिकणार.

त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं माहितेय? आपली ती शेवट खाल्लेली क्रियापदं. 'गेल्तो', 'आल्ता', 'ठेवल्तं'. ज्यांच्यासाठी शाळेत मला पट्टी खायला लागली तीच. ऑडली म्हणतात हे अडाणीपण नाहीच, दोनतीनशे वर्षांपूर्वी मोठमोठी माणसं पुस्तकात असंच छापायची. आपल्या चॅपलच्या जुन्या भिंतीवरच्या ओळींत पण तसंच आहे, मी आयुष्यभर समोर बसून बघितलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे कोकरांच्या शेपट्या छाटतात ना, तशीच ही. छाटली की कोकरू घाण होत नाही आणि पळतं पण जोरात. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी दिवसभर हवेत होते.

आणि सगळ्या डेलमध्ये सगळ्यात सुंदर छाटलेलं कोण बोलतं? ते तुला सांगायला नको.

ऑडली या महिनाअखेरीस आवाज टिपणारं मशीन आणतायत. मी बाबांना विचारणार आहे. त्यांचा घसा जरा बसलाय, थंडीनं, पण तोवर सुटेल.

थर्झा


हाय गार्थ
३ एप्रिल

किट,

मागच्या पत्रात मी 'घसा जरा बसलाय' असं लिहिलं होतं. जरा नाही. डॉक्टरांनी लीड्सला पाठवलं, तिथल्यांनी आरसा घालून बघितलं. गाठ आहे, स्वरयंत्रावर. ते सगळंच काढून टाकणार आहेत. जगतील, असं म्हणाले. बोलता येणार नाही. अजिबात नाही, कुजबुजतासुद्धा नाही. मला हे तेव्हाच माहीत होतं की नाही, ते विचारू नकोस.

सोळा तारखेला ऑपरेशन आहे. कोकरांच्या ऐन हंगामात. बाबांना गाठीपेक्षा त्याचंच जास्त लागलंय.

म्हणून मशीन आलं तेव्हा मी ऑडलींना हात जोडले की सगळ्यात आधी आमच्याकडे या. आपल्याकडे आता वीज आलीये, तुला माहीत नसेल. मला वाटलं होतं बाबा नाही म्हणतील. ते हो म्हणाले. मी इतकी खूश झाले की चुलीतले स्कोन जाळले.

शनिवारी सकाळी ते खाली आले ते चॅपलचा कोट घालून. कडक कॉलर. दाढी घोटून. मशीनसमोर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि ऑडलींनी विचारलं, "मिस्टर हार्कर, त्या मोठ्या बर्फाच्या वर्षाचं काही सांगाल?"

आणि बाबा म्हणाले, "त्या वर्षी आमच्या भागात प्रचंड हिमवर्षाव झाला होता. मी माझ्या मेंढ्यांसाठी अत्यंत चिंतित होतो."

किट, रेडिओवर बातम्या देतात ना, तो आवाज. हुबेहूब. मला हे कधी माहीतच नव्हतं की त्यांना तसं बोलता येतं. कधी शिकले? दूध काढताना रेडिओ ऐकत? फितीची अख्खी चकती संपेपर्यंत एकही शेपूट छाटलं नाही त्यांनी. 'मी निघालो होतो.' 'मला आढळले होते.' ऑडली माझ्याकडे बघतायत, मी ऑडलींकडे. मी मध्येच म्हटलं, "बाबा, नेहमीसारखं बोला ना."

"मी नेहमीसारखंच बोलत आहे, थर्झा," बाबा म्हणाले. आणि पुन्हा हिमवर्षाव.

ऑडली फार भले आहेत, आभार मानले, केक खाल्ला, मशीन गुंडाळून गेले. मग मी बाबांवर ओरडले. हो, ओरडले, ज्या माणसाचा घसा दोन आठवड्यांत कापणार आहेत त्याच्यावर. म्हटलं, हे काय केलंत, तुमचा आवाज हवा होता त्यांना, रेडिओचा कुठेही मिळतो. ते कॉलर काढत होते. बटण निघत नव्हतं.

"युनिवर्सिटीत लावतील ते," म्हणाले. "पोरं बसत्याल ऐकाया. लोकं एकदा हसल्ती, थर्झा. पुन्यांदा कशाला?"

आता मला तुला ते सांगायलाच हवं, कारण तू स्टेजवर होतास आणि दिवे तुझ्या तोंडावर होते. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्या सुगीच्या जेवणाला तू त्यांची टोपी घालून, त्यांची काठी घेऊन उभा राहिलास आणि बर्फात गाडलेला मेंढा शोधायची त्यांची गोष्ट त्यांच्याच आवाजात सुरू केलीस, तेव्हा पहिल्या वाक्याला बाबाच सगळ्यांत आधी हसले. खरंच. मला कोपरानं ढोसलं पण. "ह्यो बघ कसा म्हणतोय," म्हणाले. मग हॉल हसायला लागला. प्रत्येक 'गेल्तो'ला, प्रत्येक 'पडल्तो'ला. शेजारचा जोस कोट्स डोळे पुसत होता आणि तो स्वतः अगदी तसाच बोलतो. बाबांनी मान वळवून एकेकाकडे बघितलं, जसं मेंढपाळांच्या मेळाव्यात दुसऱ्यांच्या मेंढ्यांच्या खुणा बघतात तसं. मग माझ्याकडे बघितलं. मग बाकावर टोपी चाचपायला लागले. टोपी तुझ्या डोक्यावर होती. ते तसेच उघड्या डोक्यानं बाहेर गेले.

तुला वाटलं ते रागावले. पुढच्या वसंतात तू जहाजात बसलास तोवर तुम्ही दोघं मीठ मागायला सुद्धा मलाच सांगत होतात. ते रागावले नव्हते, किट. त्यांना त्या दिवशी कळलं की आपण कसे बोलतो. त्याआधी त्यांना ते माहीतच नव्हतं.

सोळा तारखेच्या आत तुला येता येणार नाही. तार मात्र करता येईल.

थर्झा


लीड्स
१९ एप्रिल

किट,

झालं. ते जागे आहेत. गळ्यात भोक आहे, त्यातून श्वास घेतात, आवाज येतो तो फक्त हवेचा. सिस्टरनं लिहायला पाटी दिलीये. पहिला शब्द लिहिला 'कोकरं?' मी सांगितलं, जोस कोट्स बघतोय, सगळं ठीक आहे. त्यावर त्यांनी जे लिहिलं ते सिस्टरनं पुसलं.

तार मिळाली. 'बाबांना लवकर बरं वाटो.' पोस्टातल्या बाईनं लिहून दिल्यासारखी होती. मी वाचून दाखवली. त्यांनी पाटी मागितली, धरून बसले, आणि काही न लिहिता परत दिली.

मला एक गोष्ट राहून राहून छळतेय. आत न्यायच्या आधी मी त्यांच्याबरोबर त्या लांब बोळात बसले होते. ते चाकाच्या खाटेवर. मग त्यांनी माझी बाही ओढली. आवाज पार खरवडलेला होता.

"निपला सांगून आल्तो," म्हणाले. "फाटकापाशी. येतो म्हणल्तो. पर त्यो इसरंल. तू बी सांग त्याला."

एवढंच. मग नेलं.

ते मशीन दोन रस्ते पलीकडे युनिव्हर्सिटीच्या कपाटात होतं. मी येताना त्या इमारतीवरूनच चालत आले होते.

थर्झा


हाय गार्थ
१७ जून

प्रिय किट,

बाबा घरी आहेत, खातात, चालतात, गळ्याला मी विणलेली मऊ पट्टी बांधतात. तब्येतीची काळजी नाही. काळजी निपची आहे.

तुला आठवतं ना, बाबांनी कधी शिट्टी वाजवली नाही. सगळा डेल तोंडात बोटं घालून कुत्र्यांना शिट्ट्या मारतो, आपले बाबा नुसते बोलायचे. डोंगराच्या या टोकाला उभं राहून, चहा मागावा तसं, "डाव्यानं ये. आता खाली बस. बास आता, ये." आणि निप तिकडे अर्ध्या मैलावर ऐकायचा. आता बाबा वर जातात, हात हलवतात, निप बघतो. मग बसून राहतो. त्याला वाटतं अजून सुरुवातच झालेली नाही.

जोसनं पत्र्याची शिट्टी दिली. बाबांनी ओठात धरली, जोर लावला, आणि हवा गळ्यातल्या भोकातून निघून गेली. जोस म्हणाला, "राल्फ, ती उलटी धर," आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो, आणि तो आपल्या कुंपणाकडे बघायला लागला.

मी हाका मारते. शब्द तेच. निप शेपूट हलवतो, म्हणजे जेवायला का? मला शाळेनं बिघडवलंय, मी कितीही 'ये रं' म्हटलं तरी त्याला ते नाटक वाटतं. कुत्र्यांना कळतं.

म्हणून मी एक प्रयोग केला. ऑडलींना पत्र टाकलं, ते बिचारे मशीन घेऊन आले, आणि आम्ही ती पहिली चकती लावली. बाबा गोठ्यात होते. स्वयंपाकघरात बाबांचा आवाज भरला. 'आमच्या भागात प्रचंड हिमवर्षाव झाला होता.' निप चुलीपाशी झोपला होता. त्यानं कानसुद्धा हलवला नाही. संपूर्ण चकती वाजली, त्याच्या मालकाचा आवाज, आणि तो झोपून राहिला. मध्ये एकदा पंजा चाटला.

मला रडू आलं. ऑडलींनी मला रुमाल दिला, त्यावर शाई होती, दिवसभर माझं नाक निळं.

बाबांनी ठरवलंय की पुढच्या वसंतात कळप सोडायचा. तुला माहितीये आपल्या मेंढ्या या डोंगराच्या आहेत, त्यांना दुसरीकडे नेता येत नाही, त्या जमिनीबरोबरच जातात. जोसचा मुलगा घ्यायला तयार आहे. पाटीवर लिहिलं, 'कुत्र्याबिगर कसलं.' मग खाली, 'तू कालेजला जा.'

आता मी जे मागणार आहे त्यावर लगेच नाही म्हणू नकोस. तिकडे क्राइस्टचर्चला कुणाकडे तरी असं मशीन असेल. मेंढ्याची ती गोष्ट सांग. त्यांच्या आवाजात. तो आवाज जगात आता फक्त तुझ्याकडे आहे.

थर्झा


हाय गार्थ
२ सप्टेंबर

किट,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'ते सोंग एकदा केलं, त्यात बाप गेला. पुन्हा नाही.' बस, पुढे सही. उरलेल्या जागेवर किवी पक्षी.

बरं. सोंग करू नकोस. नुसती गोष्ट सांग. हॉल नाही इथे. घरात तिघं आहेत. एकाला हसता येत नाही, एक कुत्रा आहे, आणि मी हसणार नाही. त्या दिवशी मी हसले होते की नाही हे तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगणार नाही.

कॉलेजला एक वर्ष नंतर येते म्हणून कळवलंय. बाबांना वाटतंय कॉलेजनंच पुढे ढकललं.

थर्झा


हाय गार्थ
४ नोव्हेंबर

प्रिय किट,

चकती आली. डब्यावर तू लिहिलेलं 'थर्झासाठी' बाबांनी आधी बघितलं, कारण पोस्टमन त्यांनाच फाटकावर भेटला. त्यांनी डबा हलवून बघितला, कानाशी नेला, मला दिला. मी म्हटलं, ऑडलींचं काहीतरी आहे. माझा चेहरा खोटं बोलायच्या लायकीचा नाही, पण त्यांनी विचारलं नाही.

ऑडली शनिवारी आले. बाबा टेबलाशी बसले होते, निप चुलीपाशी. मी केक आणि चीज कापलं. मशीन लावताना माझ्या हातून फीत दोनदा सुटली. बाबांना वाटलं पुन्हा तोच हिमवर्षाव, ते उठायला लागले.

आणि तू बोललास.

"त्या राती बर्फ असं पडल्तं, भिंत कुटं अन् आभाळ कुटं, काय कळंना. दार उघाडलं तर म्या पांढऱ्यात पडल्तो."

बाबा अर्धवट उठलेले तसेच थांबले. हात टेबलावर.

तू छान सांगितलंस रे. त्या दिवशीसारखं नाही. त्या दिवशी प्रत्येक छाटलेल्या शब्दावर तू जरा थांबायचास, लोकांनी हसावं म्हणून. या वेळी कुठेच थांबला नाहीस. मध्ये वाऱ्याचा आवाज होता. तू बाहेर उभा राहून बोललास का? कारण बाबांचा आवाज घरात तसा लागतच नाही, तो डोंगरावरचा होता.

मग तू कुत्रीला सांगतोस तो भाग आला, निपच्या आईला. "डाव्यानं ये."

निप उठला. झोपेतून नाही, जसा कधी झोपलाच नव्हता तसा. पोट जमिनीला लावून डावीकडून टेबलाभोवती निघाला. टेबलाच्या पलीकडे मिस्टर ऑडली केक घेऊन उभे होते. निपला दुसरं काही मिळालं नाही. त्यानं ऑडलींना वळवलं, कपाटाच्या कोपऱ्यात नेलं आणि डोळे रोखून उभा राहिला. ऑडली बशी छातीशी धरून कुजबुजले, "मिस थर्झा, मी काय करणं अपेक्षित आहे?"

मी म्हटलं, "हलू नका. मेंढी हलली की तो चावतो."

"आता खाली बस," तू म्हणालास. निप बसला. ऑडलीपण बसले, किट. देवाशप्पथ. आणि मी तुला दिलेला शब्द मोडला, मी हसले.

मग तू म्हणालास, "बास आता, ये."

निप मशीनकडे गेला. त्याच्यामागे डोकावून बघितलं, पुढून वास घेतला. मग मान वळवली, आणि मीही तो बघतोय तिकडे बघितलं. बाबांचे ओठ हलत होते. तुझ्या शब्दाला शब्द लावून. एकही मागे नाही, एकही पुढे नाही. गोष्ट त्यांचीच ना, त्यांना पाठ. तू 'सापडल्ता' म्हणालास तेव्हा त्यांच्या तोंडानं 'सापडल्ता' म्हटलं, आणि आवाज खोलीत होता.

निपला पटलं. तो चालत गेला आणि त्यांच्या बुटावर डोकं ठेवून पडला, ऑपरेशनच्या आधी पडायचा तसा. बाबा खाली बसले. गोष्ट संपली, फितीचं टोक फडफडत फिरत राहिलं, कुणी बंद केलं नाही. ऑडली कोपऱ्यात जमिनीवरच बसून होते. त्यांनी त्या दिवशी काहीही लिहून घेतलं नाही.

उरलेलं नंतर लिहिते. आत्ता लिहिलं तर चांगलंच लिहीन फक्त.

थर्झा


हाय गार्थ
१८ नोव्हेंबर

किट,

उरलेलं.

दुसऱ्या दिवशी चॅपल झाल्यावर बाबा निपला घेऊन डोंगरावर गेले. कितीतरी महिन्यांनी आपणहून. मी मागून गेले, भिंतीपाशी थांबले. वरच्या पट्ट्यात मेंढ्या होत्या. निप बाबांच्या पायाशी, ताणलेला, तयार. बाबांनी हात वर केला नाही. त्यांनी नुसतं तोंड हलवलं. लांबून पण मला कळलं काय म्हटलं ते.

निपनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. वाट बघितली. पुन्हा ओठ हलले. मग तो वळला, आणि खाली घराकडे बघायला लागला. तिथून आवाज यायचा राहिलाय म्हणून.

बराच वेळ दोघं तसेच. एक वर बघतोय, एक खाली.

आपणच हे केलं, किट, तू आणि मी. शनिवारी मला वाटलं होतं आपण त्यांना काहीतरी परत दिलं. आता निप रोज सकाळी मशीन ठेवलं होतं त्या टेबलाखाली जाऊन बसतो. मशीन ऑडलींनी परत नेलं. चकती माझ्याकडे आहे. मी ती कपाटात, आईच्या टेबलक्लॉथच्या खाली ठेवलीये.

कळपाचं ठरलंय ते ठरलंय. बाबा जोसकडे जाऊन आले, हात मिळवून आले. वसंतापर्यंत आपला, मग त्याचा.

पण काल संध्याकाळी त्यांनी पाटी घेतली आणि इतका वेळ लिहीत बसले की खडू दोनदा मोडला. मग माझ्यापुढे सरकवली आणि पत्राच्या कागदाकडे बोट दाखवलं. म्हणजे हे तुला. मी त्यांचं आहे तसं उतरवतेय, मला त्यात शेपट्या जोडायच्या नाहीत.

'किटला. गोष्ट बरी सांगितल्ती. मेंढा कुंपणाच्या ह्या अंगाला सापडल्ता, तू त्या अंगाला म्हणल्तास. अन् बास आता हे म्या येवढ्या जोरात कधी म्हणल्तो न्हाई. हळू म्हणायचं. कुत्रं लांब आसलं तरी हळू. जोरात म्हणलं की ते मागं बघतं. हितं आलास की दाखवतो.'

मी वाचलं. मला विचारायचं होतं, बाबा, कसं दाखवणार. त्यांनी पाटी माझ्या हातातून काढून घेतली, बाहीनं पुसली, आणि तंबाखूची डबी काढायला उठले. कार्ड पडलं. त्यांनी उचलून सरळ केलं.

टोपी अजून तुझ्याकडेच आहे. तीन वर्षं ते उघड्या डोक्यानं डोंगरावर जातायत, दुसरी घेत नाहीत.

थर्झा